गोडंबी : प्रकरण आठवे

तेर,
४ नोव्हेंबर २०२५

सृष्टी,

काल फोनवर तू "आत्या, जरा ऐकून तरी घ्या" म्हणत राहिलीस आणि मी फोन ठेवून दिला. आता कागदावर भांडते. कागदावर दोघींनाही आपलं म्हणणं शेवटपर्यंत म्हणता येतं.

आमची खोकी बंदरावर अडकली, एवढंच मला कळलं. कुणीतरी गोडंबीला औषध म्हणतंय असं मधेच कानावर पडलं, बाकी काही कळलं नाही, कारण तू सांगत होतीस तेव्हा मी ओरडत होते. तू त्या महांतप्पा साहेबांच्या हापिसात परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करतेस, म्हणून तर तुझ्या भरवशावर आम्ही माल पाठवला. आमचा गट म्हणजे काही कारखाना नाही. मी, सकिनाबी आणि गल्लीतल्या आणखी काही बाया बिब्बा फोडतो आणि आतली गोडंबी काढतो. आजवर बिब्बा धाराशिवच्या शिवकुमार शेटकडून यायचा आणि गोडंबी सगळी त्याच्याच दुकानात जायची. यंदा सकिनाबीच्या भाच्यानं, आरिफनं, दुबईतल्या त्याच्या किराणा दुकानासाठी मागवली आणि पहिल्यांदा आमच्या गटाचं नाव छापलेली पाकिटं तयार झाली.

ती पाकिटं भरत होतो तेव्हा शिवकुमार दारात येऊन गेला. हसत म्हणाला, "बायांनो, दुबई दावतासा व्हय मला? माल माघारी आला की माझ्याच दारात येताल." आता माल खरंच माघारी आला तर त्याच्या दारात मान खाली घालून जावं लागेल आणि तो म्हणेल त्या भावानं द्यावा लागेल. पुन्हा आमचं नाव असलेलं पाकीट काढायची या बायांची हिंमत होणार नाही. म्हणून विचारते, गोडंबी ही खायची वस्तू नाही, औषध आहे, असं म्हणणारा कोण आहे? त्याचं नाव कळव. मी बोलते त्याच्याशी.

तुझी रागावलेली आत्या,
दगडाबाई

---

पनवेल,
९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

नमस्कार करते, पण आधी टेकून बसा आणि मग वाचा.

नाव कळवत नाही. तुम्ही खरंच बोलाल.

झालं ते असं. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो, मग तो घोडा असो की खिळा. त्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक आहे आणि त्याची प्रकरणं आहेत. आठव्या प्रकरणात फळं आणि सुकामेवा. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते, सुपारीसुद्धा तिथंच. बाराव्यात तेलबिया आणि औषधी झाडपाला. पुस्तक मोठं विचित्र आहे. आपले शेंगदाणे कच्चे असले तर तेलबियांत बसतात आणि भाजून खारवले की उठून विसाव्या प्रकरणात जातात. कागदावर आकड्याच्या पुढं मालाचं वर्णन लिहायलाही जागा असते, पण एकदा आकडा पडला की पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. कर, परवानगी, माल कोण घेऊ शकतो, सगळं.

मी गोडंबी आठव्यात घातली होती. बंदरावरच्या कस्टमच्या अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी एक खोकं उघडलं आणि पाकीट वाचलं. पाकिटावर तुम्ही काय छापून घेतलंय ते आठवतंय का? "बाळंतिणीच्या कमरेला बळ. संधिवात, दमा, जुनी सर्दी यांवर रामबाण. शंभर टक्के गुणकारी." अधिकारी नांदेडकडचे, मराठी घडाघडा वाचणारे. म्हणाले, "माल पाठवणारेच औषध म्हणतायत, मग मी कशाला नाही म्हणू?" आणि बारावं प्रकरण धरलं.

आरिफभाईंना तिकडं खाण्याचे जिन्नस विकायची परवानगी आहे, औषधांची नाही. कागदावर औषध आलं तर त्यांना माल उतरवून घेता येणार नाही.

महांतप्पा साहेबांनी एक वाट सांगितली आहे. माल परत घ्यायचा, पाकिटं फोडून साध्या पिशव्यांत भरायचा आणि "काजू तुकडा" म्हणून पुन्हा पाठवायचा. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत, तुकडा झाल्यावर कोण ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे फारसं आवडलेलं नाही, आत्या. पण माल पोहोचेल आणि शिवकुमारच्या दारात जायची वेळ येणार नाही. गटाचं संमतीपत्र पाठवा, बाकी मी बघते.

तुमची,
सृष्टी

---

तेर,
१४ नोव्हेंबर २०२५

सृष्टी,

काजू म्हणालीस? माझ्या भावाच्या पोरीनं मला काजू म्हणायला सांगावं?

तू लहान असताना तुझी आई तुला आमच्या ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही, म्हणून तुला माहीत नसेल. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं. ठोका बसला की ते उडतं. कातडीवर पडलं की उततं, फोड येतात, फोड जातो आणि डाग राहतो. हाताला खोबरेल चोपडून, बोटं राखेत बुडवून आम्ही बसतो, तरी दिवस मावळेपर्यंत कुठंतरी भाजतंच. सकिनाबीच्या पापणीला एकदा थेंब लागला तर डोळा सुजून भोपळा झाला होता. एवढं सोसल्यावर आतून नखाएवढी पांढरी गोडंबी निघते. ती आता दुसऱ्याचं नाव लावून जाणार?

मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. ढोकीला एका बागायतदाराकडं लग्न होतं. मी आणि सकिनाबी पंगतीत बसलो होतो. वरमाई स्वतः वाढायला आली आणि म्हणाली, "घ्या घ्या, काजूची बर्फी हाय. शिवकुमार शेटकडून खास आणलीया." सकिनाबीनं तुकडा तोंडात टाकला आणि भर पंगतीत बोलली, "ओ बाई, काजू न्हाय ही. ही आमची गोडंबी हाय. म्या फोडल्याली गोडंबी म्या वळखीना व्हय?" मग शेजारच्या बाईनं आमच्या हातांकडं बघितलं, काळे डाग बघितले, आणि आपलं ताट उचलून पलीकडं जाऊन बसली. ताटातली बर्फी मात्र तिनं शेवटपर्यंत खाल्ली. मला त्या दिवशी एवढा संताप आला होता की अजून उतरलेला नाही.

शिवकुमार वर्षानुवर्षं हेच करत आलाय. आमची गोडंबी घेतो आणि कधी काजू म्हणून, कधी चारोळीत मिसळून पुढं खपवतो. आता तुझे साहेबही तेच करायला सांगतात, फक्त टाय लावून. संमतीपत्र येणार नाही. गोडंबी गोडंबी म्हणूनच जाईल, नाहीतर बंदरावर सडेल.

दुसरी गोष्ट. पाकिटावरचं एक अक्षर मी काढणार नाही. त्यात खोटं काय आहे? त्या अधिकाऱ्याला पुरावाच पाहिजे ना, मग मी पुरावा गोळा केलाय. योगीराज वैद्यांचा दाखला घेतला. गावातल्या लेकुरवाळ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. एकीनं लिहिलंय की गोडंबीचे लाडू खाल्ले आणि आठवड्याच्या आत विहिरीवरून पाणी आणलं. एकीच्या सासऱ्याचा दमा गेला. सकिनाबीनं घरोघर हिंडून अंगठे घेतले. हे सगळं बाड तुझ्याकडं न पाठवता कालच थेट त्या अधिकाऱ्याच्या हापिसात स्पीड पोस्टानं लावून दिलंय. तुझ्याकडं पाठवलं असतं तर तू अडवलं असतंस. आता बघू कसा नाही म्हणतो तो.

आत्या

---

पनवेल,
२४ नोव्हेंबर २०२५

आत्या, अहो आत्या,

काय करून बसलात हे!

बाड पोहोचलं. अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं आणि वैद्यांचा दाखला माझ्यासमोर धरला. "तुमच्याच लोकांनी माझं काम सोपं केलं," म्हणाले. दम्याचं वाचून दाखवलं, पाण्याच्या हंड्याचं वाचून दाखवलं. मला हसावं की रडावं कळेना. ती वस्तू गुणकारी आहे का, असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. लोक ती मुख्यतः कशासाठी घेतात, पोटासाठी की आजारासाठी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तुम्ही गावभर फिरून आजारासाठी असं लिहून दिलंत, शिक्क्यानिशी.

तरी एक बरं झालं. इतके कागद आल्यामुळं त्यांनी परस्पर निकाल न देता सुनावणी ठेवली आहे, १० डिसेंबरला. गटातर्फे कुणीतरी बोलायचं. मी जाते. मला गटाचं अधिकारपत्र पाठवा. आणि पाकिटावरच्या त्या ओळी काढायला तयार व्हा. हात जोडते. बंदरावरच्या गोदामातच परवानगी घेऊन पाकिटांवर नवी पट्टी चिकटवता येते. बदाम बुद्धीला चांगले असं सगळं जग म्हणतं, पण बदामाच्या पाकिटावर "विसरभोळेपणावर रामबाण" असं कुणी छापत नाही, म्हणून ते आठव्यात सुखानं बसले आहेत.

काजूचं म्हणाल तर तुमचं पत्र वाचून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ते ताट उचलून जाणारी बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी साहेबांना सांगितलं की काजूचे कागद मी करणार नाही. ते काय म्हणाले ते सोडा.

पुढचं पत्र खालच्या पत्त्यावर पाठवा, माझ्या खोलीच्या. ऑफिसात हल्ली टपाल इकडचं तिकडं होतं. बाबांना फोन कराल तेव्हा यातलं काही बोलू नका, उगाच काळजी करत बसतील.

सृष्टी

---

तेर,
१ डिसेंबर २०२५

सृष्टी,

टपाल इकडचं तिकडं होतं म्हणे. ज्या हापिसात तू आहेस तिथं टपाल हरवत नाही, तू तिथं उरली नाहीस म्हणून पत्ता बदललास. आत्याला शिकवतेस? नोकरी गेली ना? काजूला नाही म्हणालीस म्हणून गेली. तुझ्या बापाला, रामकिसनला, मी काही बोलले नाही. बोलेन तेव्हा छाती पुढं काढून बोलेन, की तुझी पोरगी माझ्यावर गेली.

आता पाकिटाचं. तुझं पत्र मी बायांना वाचून दाखवलं. ओळी काढायच्या म्हटल्यावर मीच सगळ्यात आधी भडकले. म्हटलं, बाळंतिणीचा लाडू काढून टाकायचा तर गोडंबीत उरलं काय? तर सकिनाबी हातातला बिब्बा खाली ठेवून म्हणाली, "दगडाबाई, एक सांगा. तुमी कवा औषध म्हणून खाल्ली?"

मी म्हटलं, "बाळंतपणात."

"ती दोन बाळंतपणं झाली. आन् इथं बसून रोज काय करतासा?"

रोज काय करतो? फुटका तुकडा निघाला की गुळाच्या खड्याबरोबर तोंडात टाकतो. भूक लागते म्हणून. चांगली लागते म्हणून. पोरं शाळेतून आली की मूठभर घेऊन पळतात, त्यांना कुठला संधिवात? लसणाच्या चटणीत घालतो, तिखट आमटीत वाटून घालतो. या बायांपैकी कुणीही आजवर गोडंबी चमच्यानं मोजून घेतलेली नाही. औषध ती शिवकुमारच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. खरं सांगायचं तर त्या ओळी मला सुचल्या कुठून, तर त्याच्या दुकानातल्या पाटीवरून. ते कळल्यावर माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

आणि मग दुसरा विचार आला. औषध माणूस चिमूटभर घेतो, आणि बरा झाला की बंद करतो. आम्हाला मूठभर खाणारं गिऱ्हाईक पाहिजे, आणि बरं असताना खाणारं. तेव्हा काढ त्या ओळी. पण वैद्याच्या दाखल्याबद्दल मी माफीबिफी मागणार नाही, ते कुणी म्हणू नये. बायांचे अंगठे खरे होते.

अधिकारपत्र सोबत आहे. सगळ्यांच्या सह्या आहेत. सुनावणीत आवाज बारीक करू नकोस. तू शाळेत भाषणाला उभी राहिलीस की शेवटच्या बाकावर ऐकू यायचं नाही, तसं करू नकोस.

आत्या

---

पनवेल,
१२ डिसेंबर २०२५

आत्या,

होय, नोकरी गेली. मी नाही म्हटल्यावर साहेब म्हणाले, "तुझ्या आत्याचा माल दोन-चार खोक्यांचा, आणि माझं नाव वीस वर्षांचं." मी म्हटलं, नाव आहे म्हणूनच काजू लिहू नका. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही एस.टी. पकडून इथं आला असतात.

आता सुनावणीचं ऐका. खोली लहान होती. अधिकारी, त्यांचा एक सहकारी आणि मी. टेबलावर तुमचं बाड. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ह्या सगळ्या जबान्या खोट्या आहेत असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही. सगळ्या खऱ्या आहेत."

"मग झालं की."

"साहेब, तुमच्या आईनं तुम्हाला बदाम कशासाठी दिले होते?"

मी थांबले नाही. म्हटलं, आपल्याकडं प्रत्येक आई प्रत्येक घास कशावर तरी गुणकारी म्हणूनच भरवते. खजूर रक्तासाठी, अक्रोड मेंदूसाठी, डिंक कमरेसाठी. तेवढ्यानं सगळं किराणा दुकान औषधाच्या प्रकरणात टाकाल का? मग तुमचं पत्र वाचलं. गुळाच्या खड्याचं, चटणीचं, शाळेतून येणाऱ्या पोरांचं. तिखट आमटीचं वाचत होते तेव्हा सहकारी अधिकारी मध्येच म्हणाले, "आमच्याकडं किनवटला पण करतात." आवाज बारीक नव्हता, आत्या. बाहेरच्या बाकावरचा शिपाई आत डोकावून गेला.

निकाल काल आला. जुन्या ओळी झाकून नवी पट्टी लावण्याच्या अटीवर गोडंबी आठव्या प्रकरणात. खाण्याची वस्तू. काजू नाही, औषध नाही. आपण जिंकलो.

फक्त एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. आठव्या प्रकरणात काजूला स्वतःचा आकडा आहे, पिस्त्याला आहे, सुपारीलाही आहे. गोडंबीला नाही. ज्यांची नावं त्या पुस्तकात नाहीत, त्यांच्यासाठी शेवटी एक खाना असतो, त्यावर "इतर" लिहिलेलं असतं. आपण तिथं बसलो. निकाल हातात घेऊन मी बाहेर आले आणि तो शब्द वाचून मला रडू आलं. एवढं भांडून शेवटी इतर.

पट्ट्या छापून पाठवा, मी गोदामात जाऊन चिकटवते. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या एका एजंटकडं काम मिळतंय, लहान ऑफिस आहे. अजून हो म्हटलेलं नाही.

सृष्टी

---

तेर,
१९ डिसेंबर २०२५

सृष्टी,

रडतेस काय, वेडे?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शिवकुमार आला होता. माल सुटल्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं. ओट्यावर टेकला आणि मानभावीपणानं विचारलं, "मग, काजूत घेतलं का बदामात?" मी सांगितलं, "इतरमधी." तर मांडीवर थाप मारून हसला. "इतर! म्हंजी कुणीच न्हाय की ओ दगडाबाई."

त्याला म्हटलं, "शेट, तुमच्या दुकानात आमी एवढी वर्सं काजू हुतो, चारोळी हुतो. गोडंबी कवाच नव्हतो. इतर म्हंजी कमीत कमी काजू न्हाय, हे सरकारनं लिवून दिलंया. उठा आता, आमाला काम हाय." सकिनाबीनं तर त्याच्या पायाजवळच बिब्ब्याचा ठोका घातला. पांढरं धोतर सावरत असा पळाला की बाया संध्याकाळपर्यंत हसत होत्या. माल माघारी आला नाही, आम्ही त्याच्या दारात गेलो नाही, आणि यंदाचा बिब्बाही आम्ही त्याच्याकडून न घेता थेट किनवटहून मागवलाय.

पट्ट्या तू एकटीनं चिकटवायच्या नाहीत. मी आणि सकिनाबी मंगळवारच्या गाडीनं निघतोय, पट्ट्या आमच्याच पिशवीत आहेत. गोदामाच्या दारावर कुणी आमचे हात बघून अडवलं तर त्याला तिथंच उभं करून सगळं समजावून सांगायची तयारी सकिनाबीनं केली आहे. पट्टीवर काय लिहायचं यावर दोन दिवस भांडणं झाली. कुणी म्हणालं पौष्टिक लिहा, मी म्हटलं पुन्हा तेच नको. शेवटी एवढंच छापलं : "बिब्बा आम्ही फोडला. गोडंबी तुम्ही खा." आणि खाली सगळ्या बायांची नावं, सकिनाबीचं पहिलं.

त्या लहान हापिसाला हो म्हण. पण जाण्याआधी सांगून ठेव की आमचे कागद तूच करणार, आणि काजूला नाही म्हणणारी मुलगी त्यांना चालत असेल तरच येणार. त्यांना चालत नसेल तर दुसरं हापीस बघू. बंदरावर हापिसांना काय तोटा?

दुसरी खेप आम्ही भरायला घेतली आहे. आरिफनं या वेळी जास्त मागवली आहे. तू म्हणाली होतीस की आकड्याच्या पुढं मालाचं वर्णन लिहायला जागा असते. आकडा त्यांचा, तो त्यांना पाहिजे तो घालू दे. वर्णन आपलं. तिथं लिही : गोडंबी, तेरच्या बायांनी हातानं फोडलेली. जागा पुरली नाही तर अक्षर बारीक करू नकोस. त्यांना म्हणावं, जागा वाढवा.

येतेच आहे,
आत्या